न्यू लॅनार्क : क्लाइड नदीच्या घळीतलं गिरणगाव

पाणकळा (धागाकर्ती)

बारावीला सहकार विषय घेतलेल्यांना रॉबर्ट ओवेन हे नाव आठवत असेल. सहकारी चळवळीचा जनक, एका मार्काचं उत्तर. माझ्याही डोक्यात तो तेवढाच होता. गेल्या मे महिन्यात नवऱ्याच्या कामानिमित्त ग्लासगोला महिनाभर राहणं झालं आणि एका मोकळ्या मंगळवारी मी लॅनार्कची गाडी पकडली. तासाभराचा प्रवास. लॅनार्क हे वर चढावर वसलेलं जुनं बाजाराचं गाव. न्यू लॅनार्क त्याच्या खाली, क्लाइड नदीच्या घळीत. रस्ता उतरत जातो, आणि एका ठिकाणी झाडी बाजूला होऊन अख्खं गाव पायाखाली दिसतं. नदीला लागून करड्या दगडाच्या उंचच उंच गिरण्या, त्यांच्या मागे कामगारांच्या चाळींच्या रांगा, आणि त्यामागे लगेच डोंगर. तिसरं काही नाही. जागाच नाही.

इतक्या अडचणीच्या जागी गाव का वसवलं, याचं उत्तर डोळ्यांआधी कानांना मिळतं. पाण्याचा आवाज. गावाच्या वरच्या अंगाला नदी एकापाठोपाठ एक धबधब्यांवरून उतरते. त्यातला सर्वांत मोठा कोरा लिन, सुमारे ८५ फुटांचा. ग्लासगोचा व्यापारी आणि बँकवाला डेव्हिड डेल याने १७८४ मध्ये ही जागा रिचर्ड आर्कराइटला दाखवली. पाण्यावर चालणारी कातणी ज्याने इंग्लंडात क्रॉमफर्डला उभी केली होती तोच हा आर्कराइट. त्याच्या भागीदारीत काम सुरू झालं, पण भागीदारी लवकरच मोडली आणि पुढचं डेलने एकट्याने रेटलं. नदीतून पाणी वळवून, खडकात बोगदा खोदून, ते पाटाने गिरण्यांपर्यंत आणलं. १७८६ मध्ये पहिल्या गिरणीत सूत निघू लागलं, आणि १७९३ पर्यंत चार गिरण्या उभ्या होत्या. तो पाट आजही वाहतो. मी त्याच्या काठाने चालले. पाणी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखं. वरच्या दलदलीतून येतं म्हणून. आणि वेग असा की हातातलं पान टाकलं तर दिसेपर्यंत गेलेलं.

माणसं आणायची कुठून, हा डेलपुढचा दुसरा प्रश्न. आसपासची शेतकरी माणसं दिवसभर चार भिंतींत कोंडून काम करायला तयार नव्हती. त्यामुळे दूरवरून माणसं आली. १७९१ मध्ये स्काय बेटावरून उत्तर कॅरोलिनाकडे निघालेलं स्थलांतरितांचं एक जहाज वादळाने ग्रीनॉक बंदराला लागलं. डेलने त्या लोकांना काम आणि घर देऊ केलं, आणि त्यातले बरेच जण अमेरिकेऐवजी इथे उतरले. गावातल्या एका चाळीचं नाव आजही केथनेस रो आहे. डोंगराळ उत्तरेतून आलेल्या माणसांची ती खूण.

आणि मुलं. गिरणीतल्या साधारण दर तीन कामगारांत दोन मुलं होती. एडिंबरा, ग्लासगोच्या अनाथालयांतून, गरीबखान्यांतून आणलेली. पावणेतीनशेच्या आसपास मुलं चौथ्या गिरणीतच राहायची, एका बिछान्यात तिघं तिघं. कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७, मध्ये न्याहारीला अर्धा तास आणि जेवणाला एक तास. सातनंतर नऊपर्यंत शाळा. डेलच्या काळात हे *चांगलं* मानलं जायचं. लांबून लोक बघायला यायचे: स्वच्छ बिछाने, पोटभर जेवण, वर शिक्षण. इतर गिरण्यांत काय चालत असेल याची कल्पना त्यावरून करावी.

ओवेन आला तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. वेल्समधल्या न्यूटाउनच्या खोगीरवाल्याचा मुलगा, मँचेस्टरला गिरणी चालवून नाव कमावलेला. १७९९ मध्ये त्याने आणि त्याच्या भागीदारांनी गिरण्या ६०,००० पौंडांना घेतल्या, वीस वर्षांच्या हप्त्यांनी. त्याच वर्षी डेलच्या मुलीशी, कॅरोलाइनशी, लग्न केलं. आणि १ जानेवारी १८०० पासून कारभार हातात घेतला.

त्याने केलं काय? अनाथालयांतून मुलं आणणं बंद केलं. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणं बंद केलं. कामाचे तास हळूहळू पावणेअकरावर आणले. गावात दुकान काढलं: माल ठोक भावात आणायचा, किंचित चढ्या भावाने विकायचा, आणि जो नफा होईल तो शाळेला. पुढे १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी जे सहकारी दुकान काढलं त्याच्या मागे ओवेनचे विचार होते. बारावीचं ते एका मार्काचं उत्तर इथून आलंय. आणि अमेरिकेने निर्यात रोखल्यावर कापसाचे भाव भडकले तेव्हा त्याने चार महिने गिरण्या बंद ठेवल्या, पण सगळ्यांना पूर्ण पगार दिला. सात हजार पौंडांच्या वर रक्कम गेली. त्याआधी कामगार त्याच्याकडे संशयाने बघत. त्यानंतर त्यांचा विश्वास बसला, असं तो स्वतः लिहितो.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. संग्रहालयात एका काचेमागे लाकडाचा एक ठोकळा आहे. हाताच्या बोटाएवढा. चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. असा एकेक ठोकळा प्रत्येक कामगाराच्या जागेशी टांगलेला असायचा. काल तुम्ही कसे वागलात त्याप्रमाणे मुकादम आज तो फिरवून ठेवणार. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचं, पिवळा चांगलं, पांढरा उत्तम. त्याला नाव होतं 'मूक निरीक्षक'. मारहाण नाही, शिव्या नाहीत, दंडही नाही. फक्त दिवसभर तुमच्या डोक्याशी लटकणारा रंग. आणि रोजचा रंग वहीत नोंदला जायचा.

त्या ठोकळ्यापुढे मी बराच वेळ उभी होते. शाळा काढणारा आणि हा ठोकळा टांगणारा माणूस एकच. मला त्याच्याबद्दल आदर आहे, तो लपवणार नाही. पण चांगल्या मालकाच्या गावात राहणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिथून माझ्याबरोबर घरी आलाय. इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

नवीनपान

ताई, फार सुंदर लिहिलंय. एक बाळबोध शंका. मुलांनाच का घ्यायचे? मोठी माणसं कमी पडत होती म्हणून, की मुलांना पैसे कमी द्यावे लागत म्हणून?

---

चातीवरचा

दोन्ही कारणं खरी, पण तिसरं कारण यंत्रात आहे. मी तेवीस वर्षं सूतगिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे कातणीत, काढली, त्यामुळे ते सांगू शकतो.

कातणी म्हणजे काय? पिंजलेल्या, सरळ केलेल्या कापसाचा सैल पेळू ओढून बारीक करायचा आणि ओढता ओढता त्याला पीळ द्यायचा. हाताने हे चरख्यावर एका वेळी एका धाग्याचं होतं. आर्कराइटच्या वॉटर फ्रेममध्ये रुळांच्या जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते, त्यामुळे पेळू ताणला जातो. मग खाली चाती, म्हणजे गरगर फिरणारी बारीक सळई, पीळ देते. एकदा पाणचक्की फिरली की शेकडो चात्या एकदम फिरणार. कसब यंत्रात गेलं. माणसाकडे उरलं काय, तर तुटलेला धागा जोडणं.

आणि धागा तुटतोच. कापूस कितीही चांगला असो. तुटला की चाती न थांबवता दोन टोकं चिमटीत धरून वळून जोडायची. यासाठी ताकद लागत नाही, लहान आणि चपळ बोटं लागतात. तेवढ्यासाठी मुलं. यंत्राखाली साचणारी रुईची फुसकी झाडायलाही मुलंच, कारण मोठा माणूस तिथे शिरत नाही.

आता एक गोष्ट जी पाणकळाताईंच्या लेखात आली नाही. म्यूल नावाचं कातणीचं यंत्र (क्रॉम्प्टनचं, १७७९ चं) आधी हाताने ढकलावं लागायचं. चात्यांनी भरलेली गाडी चार-पाच फूट बाहेर यायची, धागा ताणून पीळ द्यायची, आणि परत जाताना तो गुंडाळायची. ही गाडी पाण्याच्या जोरावर चालवण्याचं काम १७९० मध्ये न्यू लॅनार्कलाच झालं. तिथला व्यवस्थापक विल्यम केली याने केलं. ओवेनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, केलीचं नसतं. माझ्या दृष्टीने तो मोठा माणूस.

ताई, तिसऱ्या गिरणीत म्यूल चालू असताना पाहिलंत का?

---

पाणकळा

काका, पाहिलं. आता त्यावर लोकर कातली जाते, आणि ते सूत तिथल्याच दुकानात विकायला असतं. तुम्ही लिहिलंत तसंच: गाडी बाहेर येते, क्षणभर थांबते, परत जाते. शेकडो धागे एकदम ताणले जाताना पांढरी चादर पसरल्यासारखी दिसते. तिथल्या बाईंनी एक धागा मुद्दाम तोडून, गाडी परत येताना वाकून चिमटीत जोडून दाखवला. मला वाटलं होतं गाठ मारतात. गाठ नाही, नुसता पीळ. डोळा लवतो तेवढ्यात झालं. त्या गाडीच्या पुढेमागे चालत दिवसभर हेच करणारं मूल मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. दिवसात किती मैल चालणं होत असेल.

केलीबद्दल अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

---

गोधडी

ठोकळ्याबद्दल लिहिते. मला ताईंएवढा आदर नाही वाटत.

ओवेनचं मुख्य तत्त्व असं होतं की माणसाचा स्वभाव माणूस स्वतः घडवत नाही, परिस्थिती घडवते. म्हणून परिस्थिती बदला, माणूस बदलेल. १ जानेवारी १८१६ ला त्याने गावात जी संस्था उघडली तिचं नावच मुळी 'स्वभाव घडवण्याची संस्था'. ऐकायला उदात्त वाटतं. पण मग परिस्थिती कोण ठरवणार? तो. स्वभाव कसा असावा हे कोण ठरवणार? तोच. रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर फिरायचं नाही. दारू पिऊन सापडलात तर दंड. घरांची स्वच्छता तपासायला कमिटी फिरायची, आणि बायका त्यांना 'ढेकूणशोधे' म्हणायच्या, काही जणी तर 'लष्करी पोलीस'. माझ्या मनात त्या बायका राहिल्यात. एका खोलीत सात-आठ माणसांचा संसार, त्यात बाहेरचा माणूस येऊन अंथरूण उचलून बघणार. आपल्या घरात कुणी असं केलं तर कसं वाटेल?

पगारही तिथे जास्त नव्हते. कमीच होते. ओवेनच्या बाजूचे लोक म्हणतात की घरभाडं, शाळा, दुकान, डॉक्टर धरून हिशेब करा. ठीक आहे, करू. पण पैसा हातात असला तर तो कुठे खर्च करायचा हे मी ठरवते. सोय दिली तर ते मालक ठरवतो. हा फरक लहान नाही.

---

जुनीवही

गोधडीताईंच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दोन गोष्टी त्यात धरायला हव्यात.

एक: ठोकळ्याचा रंग अन्यायाने लावला असं वाटलं तर कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता यायची. ती सोय नाममात्र होती की खरी, यावर वाद घालता येईल, पण ती होती.

दुसरी: १८१३ मध्ये काय झालं ते पाहा. त्याचे भागीदार शाळेबिळेवरच्या खर्चाला वैतागले होते. गिरण्या लिलावात निघाल्या. ओवेनने नवे भागीदार गाठले, त्यात तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम आणि क्वेकर पंथाचा विल्यम ॲलन होते. अट अशी की भांडवलावर ५ टक्क्यांच्या वरचा नफा भागीदारांनी घ्यायचा नाही, तो कामगारांच्या भल्यासाठी. लिलावात १,१४,१०० पौंडांना गिरण्या त्याच्याकडे परत आल्या. तो गावाकडे निघाला तेव्हा लोकांनी वाटेतच त्याची घोडागाडी अडवली, घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत गावात नेली. ज्यांच्या घरातली अंथरुणं उचलून बघितली जात होती, तीच ही माणसं. ती ढोंग करत होती असं मला वाटत नाही. त्यांना शेजारच्या गिरण्या माहीत होत्या.

---

गोधडी

घोडे सोडण्याची गोष्ट मला माहीत होती, आणि ती मला उलट उदास करते. मालक बदलला तर आपलं सगळं जाईल, ही भीती त्यात दिसते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. लिलावात गिरणीबरोबर त्यांचं घर, शाळा, दुकान, सगळंच बोलीवर चढलं होतं.

---

पाणकळा

गोधडीताई, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. खरंच. 'सगळंच बोलीवर चढलं होतं' हे वाक्य आता डोक्यातून जाणार नाही.

घरांबद्दल थोडं. १८२० च्या सुमाराची कामगाराची खोली जशीच्या तशी मांडून ठेवलीय. भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग, आणि त्याच्या खाली चाकांचा एक बुटका पलंग. रात्री तो ओढून बाहेर काढायचा, त्यावर पोरं झोपणार. सकाळी परत आत सरकवायचा म्हणजे चालायला जागा. त्याला ते 'हर्ली' म्हणतात. मी वाकून त्याचं लाकडी चाक पाहिलं. आमच्या आजीच्या घरी खाटेखाली सतरंज्यांची वळकटी असायची, तिची आठवण झाली. चूल एकच, तिच्यावरच स्वयंपाक आणि तिचीच ऊब. पाणी बाहेरून आणायचं.

---

कोरडवाहू

मी कापूस पिकवणारा माणूस आहे, म्हणून वेगळीकडून विचारतो. नदी स्कॉटलंडची, माणसं स्कॉटलंडची. कापूस कुणाचा?

माझ्या वाचनात आहे ते लिहितो. क्लाइड नदीच्या मुखाशी उतरणाऱ्या गाठी सुरुवातीला मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून यायच्या, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतून. दोन्हीकडे वेचणारे हात गुलामांचे. लांब धाग्याचा कापूस यंत्राला मानवतो, कमी तुटतो. आणि तो लांब धागा तिकडच्या मळ्यांतून येत होता. म्हणजे चातीवरचा काका म्हणतात ती जी लहान बोटं धागा जोडत होती, त्यांच्या आधी त्याच धाग्याला दुसऱ्या कुणाची तरी बोटं लागून गेलेली. वेचणीला आमच्याकडे बायका असतात. बोंडाची वाळलेली टोकं टोचून बोटांची काय दशा होते ते मी दर हंगामात बघतो. मजुरी घेऊन. तिथे मजुरी नव्हती.

आणि कठीण वाटणारी बाब ही की १७९१ मध्ये ग्लासगोत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी संस्था निघाली तिचा अध्यक्ष डेव्हिड डेल होता. हा माणूस खोटा होता असं मी म्हणत नाही. त्याला तो व्यापार मनापासून नको होता असंच दिसतं. तरी गिरणी चालायला कापूस लागायचा, आणि कापूस तिथूनच यायचा. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावलं असेल याचा मी अजून विचार करतोय.

---

जुनीवही

कोरडवाहू, फार महत्त्वाचं लिहिलंत. इंग्लंडात चेशायरमध्ये बोलिन नदीवर स्टायल गावाजवळ क्वारी बँक ही गिरणी आहे, १७८४ ची. तिचा मालक सॅम्युएल ग्रेग. तिथेही अनाथ मुलांसाठी वेगळं घर, डॉक्टर, सगळी व्यवस्था होती. आणि त्याच ग्रेगचा डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. तिथे तर 'दोन्ही एकाच माणसात' असा प्रश्नही पडत नाही, सगळा हिशेब एकाच घरातला.

---

नवीनपान

शाळेबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? मी डी.एड. करतेय. बालशिक्षणाच्या इतिहासात न्यू लॅनार्कचा उल्लेख एका ओळीत येतो.

---

पाणकळा

शाळेवर स्वतंत्र धागा व्हायला हवा, पण जेवढं पाहिलं-वाचलं तेवढं सांगते.

१८१६ च्या त्या संस्थेत अगदी लहान मुलांची शाळा होती. चालता येऊ लागलं की मूल तिथे. ब्रिटनमधली ही पहिली शिशुशाळा मानतात. पहिला शिक्षक जेम्स ब्यूकॅनन हा गावातलाच विणकर. त्याला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण मुलांवर माया आणि सहनशक्ती अमाप, म्हणून त्याला निवडलं असं ओवेनने लिहून ठेवलंय. त्याच्या जोडीला मॉली यंग नावाची सतरा वर्षांची मुलगी. दोघांना पहिली सूचना: कुठल्याही कारणाने मुलाला मारायचं नाही, धमकवायचं नाही, रागाने बोलायचं नाही. १८१६ साली हं.

पुस्तकं लहानांच्या हातात द्यायचीच नाहीत असा नियम होता. भिंतींवर प्राण्यांची मोठमोठी चित्रं, नकाशे. बागेतून, रानातून वस्तू आणायच्या आणि त्यावर गप्पा मारायच्या. मुलाने विचारलं की उत्तर द्यायचं. गाणं आणि नाच रोज. पाहुणे तर हे बघायलाच यायचे. दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास पाहुण्यांच्या सह्या वहीत आहेत. त्यात पुढे रशियाचा झार झालेला निकोलसही आहे.

ती वर्गखोली मी पाहिली. उंच छत, मोठ्या खिडक्या, आणि खिडकीबाहेर लगेच गिरणी. मुलं नाचत असताना त्यांना गिरणीचा आवाज ऐकू येत असणार, आणि दहा वर्षांची झाली की तिकडे जायचंय हे प्रत्येकाला माहीत असणार.

नाचावरूनच पुढे बिनसलं. विल्यम ॲलनला नाच पसंत नव्हता, आणि मुलांचे गुडघे उघडे राहणारे पोशाखही. १८२४ मध्ये भागीदारांनी दबाव आणून बरंचसं बदलायला लावलं. त्याच सुमाराला ओवेन अमेरिकेत इंडियानात न्यू हार्मनी ही वसाहत उभी करायला निघून गेला. तो प्रयोग दोन-तीन वर्षांतच मोडला.

---

चातीवरचा

ओवेनने १८१६ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा त्याला विचारलं गेलं की दहा वर्षांपर्यंत मुलांना काम दिलं नाही तर ती बिघडणार नाहीत का. त्याने स्वतःच्या गावाचा अनुभव सांगितला. १८१९ चा कायदा झाला तो त्याने मागितलं त्याहून खूप पातळ: फक्त सूतगिरण्यांसाठी, नऊ वर्षांखाली बंदी, सोळापर्यंत बारा तास. तपासायला निरीक्षक नाहीत. ते १८३३ मध्ये आले.

गोधडीताई, तुमचं सगळं मान्य करूनही सांगतो. मी रात्रपाळीत उभा राहिलेला माणूस आहे. कामाचे तास पावणेअकरावर येणं म्हणजे काय हे पायांना कळतं. त्या कमी झालेल्या वेळासाठी मी त्या माणसाला हात जोडीन.

---

गोधडी

काका, तुमच्या पायांपुढे माझा वाद नाही. तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं.

एवढंच म्हणेन की तास कमी करा असं त्या कामगारांनी मागितलं होतं का, कुणी मागितलं, पहिल्यांदा कोण बोललं, हे कुठे नोंदलेलं सापडत नाही. ओवेनने काय केलं ते ओवेनच्या शब्दांत भरपूर सापडतं. मला त्या ढेकूणशोधे म्हणणाऱ्या बायकांचं ऐकायचं होतं.

---

जुनीवही

इटलीतलं क्रेस्पी द'अद्दा पाहून आलोय, ते इथे जोडतो. लोम्बार्दीत अद्दा नदीवर, १८७० च्या दशकात क्रेस्पी कुटुंबाने वसवलेलं सूतगिरणीचं गाव. कामगारांना बागेसह नीटनेटकी घरं, शाळा, चर्च, धुण्याची जागा. आजही लोक राहतात. सरळ मुख्य रस्ता गिरणीसमोरून जातो आणि थेट दफनभूमीत संपतो. तिथे समोर मालकाच्या कुटुंबाची भलीमोठी, मनोऱ्यासारखी समाधी, आणि तिच्यापुढे हिरवळीवर कामगारांचे सारख्या मापाचे लहान क्रूस, रांगेत. लेकरांचे तर आणखी लहान. गोधडीताई म्हणतात ते मला तिथे उभं राहून कळलं होतं, शब्द मात्र आज मिळाले.

सॉल्टेअरही पाहण्यासारखं आहे, यॉर्कशायरमध्ये एअर नदीकाठी. टायटस सॉल्टची गिरणी १८५३ ची, अल्पाकाच्या लोकरीची. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांना त्याच्या मुलाबाळांची नावं आहेत. क्रेस्पी १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. न्यू लॅनार्क, सॉल्टेअर आणि क्रॉमफर्डचं डर्वेंट खोरं ही तिन्ही २००१ मध्ये.

---

नवीनपान

आता न्यू लॅनार्कमध्ये कोणी राहतं का? की सगळं संग्रहालयच?

---

पाणकळा

राहतात, दोनशेच्या आत-बाहेर माणसं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, एका खिडकीत मांजर होतं.

गिरणी १९६८ पर्यंत चालली. शेवटी शेवटी मासेमारीची जाळी, दोर, जाड कॅनव्हास बनायचं. बंद पडल्यावर फार वाईट दिवस आले. गिरण्यांत काही वर्षं भंगार धातूचा धंदा चालला, छपरं गळायला लागली, पाडून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. घरं वाचवायला १९६३ पासूनच एक मंडळ काम करत होतं, पुढे १९७० च्या दशकात विश्वस्त संस्था निघाली. १९८३ मध्ये सक्तीच्या खरेदीने गिरण्या ताब्यात घेतल्या आणि एकेक इमारत उभी केली. पहिल्या क्रमांकाच्या गिरणीत आता हॉटेल आहे.

विजेची एक गोष्ट मला फार आवडली. १८९८ मध्ये गिरणीच्या पाण्यावर वीज करून ती घरांतही दिली. फुकट. पण दिवे मिणमिणते, आणि रात्री दहाला सगळी वीज बंद. शनिवारी अकराला. १९५५ मध्ये देशाच्या वीजजाळ्याशी गाव जोडलं जाईपर्यंत हेच. ओवेन जाऊन सव्वाशे वर्षं झाली तरी झोपायची वेळ गिरणीच ठरवत होती. गोधडीताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

---

कोरडवाहू

मुलगा पुढच्या वर्षी एडिंबराला शिकायला जातोय. त्याला हा धागा पाठवला. जायचं तर कधी जावं?

---

पाणकळा

अरे वा, त्याला शुभेच्छा सांगा.

पावसाळी दिवस सोडू नको म्हणावं त्याला, उलट तोच निवडायचा. १९२७ मध्ये धबधब्यांशी जलविद्युत केंद्र झालं, तेव्हापासून नदीचं बरंच पाणी नळांतून जातं. कोरडे चार दिवस गेले असतील तर कोरा लिनला काळा खडक आणि त्यावरून बारीक धारा एवढंच दिसतं. मी गेले त्याच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस होता, म्हणून नशीब. गावातून धबधब्यापर्यंत नदीकाठाने रानातून पायवाट आहे, रमतगमत तासभर. चिखल असतो, बूट चांगले घालायला सांगा. आणि निघताना आधी पाटाच्या काठाने जायला सांगा, जिथे तो गिरणीखाली शिरतो तिथपर्यंत. पाण्याचा आवाज तिथे अचानक बदलतो.

---

चातीवरचा

आणि तिसऱ्या गिरणीतल्या बाईंना सांग म्हणावं, धागा जोडायला एकदा तुझ्या हातात दे. पहिल्या दहा वेळा जमणार नाही. अकराव्या वेळी जमेल.